हुर्रे ते वूट : इंग्रजी आनंदोद्गारांचे अर्थ आणि उगम

हुर्रे, येय, यिपी, वूपी, वूहू, याहू, वूट हे इंग्रजीतले अनौपचारिक आनंदोद्गार. व्याकरणात त्यांची गणना केवलप्रयोगी अव्ययांत होते. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे तर हे हर्षदर्शक केवलप्रयोगी. अहाहा, ओहो, वा यांच्या पंगतीतले. त्यांना लिंग-वचन-विभक्तीचा विकार होत नाही, वाक्यातल्या कोणत्याही पदाशी त्यांचा अन्वय लागत नाही आणि एकटा शब्दच पुऱ्या वाक्याचे काम करून जातो. लेखनात मात्र ते कमालीचे चंचल असतात. एकाच हुर्रेची हुरा, हुराह, हुरे, हुराय अशी चार-पाच रूपे इंग्रजी छापील मजकुरात सापडतात. येय लिहिताना तर शेवटचे अक्षर आनंदाच्या प्रमाणात हवे तितके लांबवले जाते आणि त्यात कुणाला काही चुकल्यासारखे वाटत नाही.

व्याकरणकारांनी या शब्दांकडे फार काळ कानाडोळा केला. 18व्या शतकात जॉन हॉर्न टूक यांनी उद्गारांना भाषेबाहेरचे, पशूंच्या आवाजाच्या पातळीवरचे ठरवले. 1861 च्या व्याख्यानांत माक्स म्युलर यांनी, भाषा उद्गारांतून जन्मली या मताची ‘पूह-पूह सिद्धांत’ असे नाव ठेवून खिल्ली उडवली. उद्गारांचा पद्धतशीर अभ्यास गेल्या काही दशकांतला. फेलिक्स अमेका यांनी 1992 साली आपल्या लेखाच्या शीर्षकातच उद्गारांना सार्वत्रिक पण दुर्लक्षित असे म्हटले. या अभ्यासात उद्गारांचे दोन वर्ग करतात. यिपी किंवा वूहू यांना उद्गार म्हणून वापरण्यापलीकडे दुसरा अर्थ नाही. ते प्राथमिक उद्गार. ब्राव्हो किंवा युरेका हे मुळात अर्थवान शब्द, पुढे आरोळी म्हणून वापरात आलेले. ते दुय्यम उद्गार.

अर्थच्छटा

हे सगळे शब्द ‘आनंद झाला’ एवढेच सांगतात, अशी समजूत वरवरची आहे. हुर्रे मुख्यतः समूहाचा शब्द आहे. सामना जिंकला, काम तडीस गेले, कुणाचा सत्कार झाला की तो दिला जातो. येय लहानशा सुवार्तेसाठी, बहुधा एकट्याचा आणि जरासा बालिश. यिपी उड्या मारणाऱ्या मुलाचा. वूपीत धांगडधिंग्याची छटा आहे. वूहू नाचताना, मैफलीत किंवा अचानक मिळालेल्या यशावर येतो. घसरगुंडीवरून सुटलेले किंवा झोका उंच गेलेले मूल इंग्रजीत हुर्रे म्हणत नाही, ‘वी’ म्हणून लांब सूर काढते; त्यात यश नाही, नुसता वेगाचा आनंद आहे. सुट्टी जाहीर झाली तर येय आणि यिपी दोन्ही चालतील. निवडणूक जिंकलेल्या पक्षाच्या सभेत यिपी ऐकू आले तर मात्र लोक वळून बघतील.

उगम शोधण्यातली अडचण

उद्गाराचा जन्म तोंडी होतो आणि नोंद होते कागदावर. या दोहोंत कधी दशके, तर कधी शतके जातात. शब्दकोश ज्याला पहिला उल्लेख म्हणतात, तो सापडलेला सर्वांत जुना लेखी पुरावा असतो, जन्मतारीख नव्हे. नाटकातल्या संवादात, शिपायाच्या पत्रात किंवा कादंबरीतल्या पोराच्या तोंडी शब्द आला, तेव्हाच तो कोशकाराच्या हाती लागतो. जुना पुरावा मिळाला की तारीख मागे सरकते.

दुसरी अडचण गोष्टीवेल्हाळपणाची आहे. उद्गाराला उघड अर्थ नसल्यामुळे लोक त्याला कथा जोडतात, आणि या कथा बहुधा आद्याक्षरांच्या असतात: अमुक शब्द म्हणजे तमुक चार शब्दांची पहिली अक्षरे. आद्याक्षरांतून बोलण्यातले शब्द घडवण्याची रीत इंग्रजीत 20व्या शतकात रूढ झाली. त्याआधीच्या शब्दाची अशी फोड कुणी सांगितली, तर ती जवळपास नेहमीच मागाहून रचलेली असते.

हझा, हुरा, हुर्रे

या कुळातला लेखनात सापडणारा सर्वांत जुना शब्द हझा. 16व्या शतकाच्या उत्तरार्धापासून तो इंग्रजीत आहे. 17व्या आणि 18व्या शतकांतल्या लेखकांनी त्याचे वर्णन खलाशांची आरोळी किंवा सलामी असे केले आहे. म्हणूनच त्याचे मूळ जहाजावरच्या कामात शोधले जाते. वाफेची यंत्रे येण्यापूर्वी शीड चढवायचे तर दहा-वीस माणसांना एकच दोर धरून ओढावा लागे. प्रत्येकाने आपापल्या वेळी ओढले तर शीड हलत नाही. सगळ्यांचा झटका एकाच क्षणी बसला पाहिजे. तो क्षण ठरवायला एक जण आवाज देई आणि बाकीचे त्याला साथ देत. उचलणे-चढवणे या अर्थाची युरोपीय खलाशी भाषांतली क्रियापदे एकमेकांना जवळची आहेत: फ्रेंचमध्ये इसे, स्पॅनिशमध्ये इसार, खालच्या जर्मनमध्ये हिसन, इंग्रजीत हॉइस्ट. ओझे ओढणाऱ्यांचा ‘हैशा’ किंवा कोळ्यांचा ‘हैया हो’ ज्याने ऐकला आहे, त्याला अशी हाक हझापर्यंत कशी पोचली असेल हे समजायला वेळ लागत नाही. ही व्युत्पत्ती सिद्ध झालेली नाही, संभाव्य आहे. कोशकारही ‘कदाचित’ हा शब्द जोडूनच ती देतात.

1680 च्या दशकात हुरा हे रूप इंग्रजी लेखनात दिसू लागते. ते हझाचेच बदललेले रूप असावे, असे एक मत आहे. दुसरे मत जर्मन प्रभावाचे. मध्ययुगीन जर्मनमध्ये घाईने धावणे या अर्थाचे हुरेन हे क्रियापद होते आणि त्यावरून आलेला हुरा हा पाठलागाचा, चढाईचा उद्गार होता. जर्मन, डॅनिश, स्वीडिश या भाषांत तो थोड्याफार फरकाने आढळतो. नेपोलियनविरुद्धच्या 1813 नंतरच्या मुक्तियुद्धांत प्रशियाच्या सैनिकांनी हुराची रणगर्जना केली आणि शब्दाला नवी प्रतिष्ठा मिळाली. दोन्ही मते एकत्र नांदू शकतात. बंदरांतून आणि छावण्यांतून वेगवेगळ्या देशांचे लोक एकत्र येत होते. एकमेकांच्या आरोळ्या कानावर पडून हझाचा हुरा होणे अशक्य नव्हते. हुर्रे हे हुराचेच लोकांच्या तोंडचे रूप. लेखी इंग्रजीने हुराला जरा भारदस्त मानले, रस्त्यावर आणि शाळेच्या मैदानात हुर्रे राहिला.

हझा आज मागे पडला आहे. जुन्या काळाचा आव आणायचा असेल तेव्हाच तो वापरतात. अमेरिकेत मध्ययुगाचे सोंग घेऊन भरणाऱ्या जत्रांमध्ये तो हमखास ऐकू येतो. हुर्रेला ब्रिटनमध्ये सामाजिक टोमण्याचेही रूप मिळाले. श्रीमंत घरातल्या, मोठ्याने बोलणाऱ्या, उथळ तरुणाला तिथे हुरे हेन्री म्हणतात. या नावाचे आधीचे रूप अमेरिकी लेखक डेमन रनियन यांच्या 1936 च्या एका कथेत आहे.

हिप हिपची भानगड

हुर्रेच्या आधी दोनदा येणारा हिप हा स्वतः आनंदोद्गार नाही, ती पूर्वसूचना आहे. एक जण ‘हिप हिप’ म्हणतो, बाकीचे एका दमात ‘हुर्रे’ देतात. दोर ओढणाऱ्यांचा मुकादम आणि ही रीत यांतले नाते उघड आहे. दोन्हीकडे अनेक गळे एकाच क्षणी उघडायचे असतात. हा जोडप्रयोग 19व्या शतकाच्या पूर्वार्धात लेखनात येतो. सामुदायिक जयघोषाच्या आरंभीचा हिप 1827 पासून नोंदलेला आहे. त्या काळच्या ब्रिटिश मेजवान्यांच्या बातम्यांत राजाच्या किंवा पाहुण्याच्या नावाने प्याला उचलल्यावर ‘तीन गुणिले तीन’, म्हणजे नऊ जयघोष झाल्याचे वाचायला मिळते. अमेरिकेत तीन जयघोषांनंतर एक जादा डरकाळी फोडत आणि तिला टायगर म्हणत.

या हिपला एक भयंकर व्युत्पत्ती चिकटली आहे. 1819 च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्ग शहरात ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या आणि इतर शहरांत पसरल्या. दंगलखोर ‘हेप हेप’ ओरडत होते. इतिहासात या दंगली त्याच नावाने ओळखल्या जातात. ‘जेरुसलेम पडले’ या अर्थाच्या तीन लॅटिन शब्दांची आद्याक्षरे म्हणजे हेप, आणि क्रुसेडच्या सैनिकांपासून ही घोषणा चालत आली, असे पुढे सांगितले जाऊ लागले. क्रुसेडच्या काळातला असा कोणताही पुरावा नाही. हेप ही जर्मन गुराख्यांची जनावरे हाकण्याची हाक होती, हे स्पष्टीकरण साधे आणि अधिक विश्वसनीय आहे. दंगलींत ही आरोळी दिली गेली हे ऐतिहासिक सत्य. इंग्रजी मेजवानीतला हिप तिथूनच आला हे मात्र सिद्ध झालेले नाही. हे! हो! हिप! असे लक्ष वेधणारे लहान, तुटक आवाज अनेक भाषांत स्वतंत्रपणे तयार होतात.

तीन जयघोषांसाठी इंग्रजीत वापरला जाणारा चीअर हा शब्दही पाहण्यासारखा आहे. जुन्या फ्रेंचमधून तो आला तेव्हा त्याचा अर्थ चेहरा असा होता. चेहऱ्यावरून चेहऱ्यावरचा भाव, त्यावरून मनःस्थिती, मग प्रसन्नता आणि 18व्या शतकाच्या आरंभी उत्तेजनाची आरोळी, असा त्याचा प्रवास झाला. प्याला उचलताना म्हटले जाणारे चीअर्स हे त्याचे अलीकडचे रूप.

ब्रिटिश शाळा आणि पलटणींबरोबर ही जोडी भारतात आली. ‘थ्री चीअर्स’ची हाक आणि पाठोपाठ हिप हिप हुर्रे हा शाळांच्या क्रीडास्पर्धांचा ठरलेला शेवट झाला. प्रकाश झा यांनी 1984 साली एका क्रीडाशिक्षकावर चित्रपट काढला, त्याचे नावच हिप हिप हुर्रे होते. मराठी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत हुर्रे आता परका वाटत नाही. मराठीत त्याच्याशी मिळताजुळता हुर्यो हा शब्द आहे, पण त्याची दिशा उलटी. फसलेल्या वक्त्याची हुर्यो उडवतात. जिंकलेल्या संघाला हुर्रे देतात. एकाच धाटणीचा आवाज एका भाषेत गौरवाचा आणि दुसरीत फजितीचा होतो, यावरून आवाजात अर्थ उपजत नसतो हे कळते.

शेक्सपिअरच्या काळातले उद्गार

हुर्रे येण्यापूर्वी इंग्रज आनंदात काय ओरडत, याचा पुरावा नाटकांत आहे. 16व्या शतकात हेडा हा खेळकरपणाचा आणि आश्चर्याचा उद्गार होता. त्याचे हेडे हे रूप झाले. द टेम्पेस्ट नाटकात मद्य प्यालेला कॅलिबान जुन्या मालकाच्या तावडीतून सुटल्याच्या कल्पनेने हाच उद्गार काढतो. 18व्या शतकात हेडे म्हणजे भराचा, ऐन उमेदीचा काळ असा अर्थ रूढ झाला. शब्दाच्या शेवटी दिवस या अर्थाचा इंग्रजी शब्द आहे अशी समजूत झाल्यामुळे स्पेलिंगही तसे ठरले. प्रत्यक्षात दिवसाशी त्याचा संबंध नाही. ‘त्याचे भरभराटीचे दिवस’ अशा अर्थाने आज इंग्रजीत येणारा हा गंभीर शब्द म्हणजे एक जुनी आरोळी आहे, हे क्वचितच कुणाच्या ध्यानात येते.

कोरिओलेनस नाटकात सेनापती विजयी होऊन परततो आहे हे कळताच म्हातारा मेनेनिअस देवाचे आभार मानत टोपी उडवतो आणि ‘हू’ करून ओरडतो. आजच्या वूहूतला हू चारशे वर्षांपूर्वी असा रंगभूमीवर होता. दोहोंत सरळ वंशावळ जोडता येणार नाही. पण आनंदात ओठांचा चंबू करून लांब सूर काढण्याची सवय इंग्रजीत नवी नाही, एवढे निश्चित.

आश्चर्य आणि आनंद यांच्या सीमेवरचा वाव हा शब्द स्कॉटलंडचा. गॅव्हिन डग्लस यांनी 1513 साली व्हर्जिलच्या एनीड महाकाव्याचे स्कॉट्स भाषेत भाषांतर पूर्ण केले. त्यात तो आढळतो. पुढची चारशे वर्षे तो प्रामुख्याने स्कॉटिश बोलीतच राहिला. 20व्या शतकात अमेरिकेने तो उचलला आणि जगभर नेला.

येय आणि हरवलेले दोन होकार

येय हा आज बहुधा सर्वाधिक लिहिला जाणारा इंग्रजी आनंदोद्गार असेल. पण या रूपातल्या त्याच्या नोंदी 1960 च्या दशकापासूनच्या आहेत. त्याचे मूळ ‘ये’ या जुन्या होकारात असावे, असे काही कोश मानतात. जुन्या इंग्रजीत होकार दोन होते. होकारार्थी प्रश्नाला ‘ये’ म्हणत. नकारार्थी प्रश्न खोडून काढायचा असेल तर ‘येस’. ‘तू येतोस का?’ याला ये, ‘तू येत नाहीस का?’ याला येस. नकारांचीही अशीच जोडी होती. 1532 साली टॉमस मोर यांनी बायबलचे भाषांतरकार विल्यम टिंडल यांच्यावर केलेल्या टीकेत, त्यांना नकाराचे दोन शब्द नीट वापरता येत नाहीत, असाही एक आक्षेप होता. पुढे हा भेद बुडाला, येस उरला आणि ये धर्मग्रंथांत व संसदीय मतदानाच्या भाषेत शिल्लक राहिला. त्या होकाराला अमेरिकी पोरांनी आनंदाची आरोळी करून परत आणले, असे येयबाबत म्हणता येते. हुर्रेच्या शेवटच्या अक्षराचा नादही त्याला पोषक ठरला असावा.

अमेरिकी घराणे : हूप, वूपी, यिपी, याहू

हूप म्हणजे मोठ्याने ओरडणे. हा मध्ययुगीन इंग्रजी शब्द जुन्या फ्रेंचमधल्या हुपे या क्रियापदाशी जोडला जातो. शिकारीशी त्याचे जुने नाते आहे. सावज पडल्याची वर्दी इंग्रज शिकारी हू-हूप अशा हाकेने देत. डांग्या खोकल्याला इंग्रजीत हूपिंग कफ म्हणतात, त्यातला हूप हाच: खोकल्याची उबळ संपल्यावर श्वास आत ओढताना मूल जो किंचाळल्यासारखा आवाज करते, तो. एकच शब्द आजारी मुलाच्या घशातल्या आवाजाला आणि जिंकलेल्या संघाच्या जल्लोषाला लागतो, कारण मुळात तो फक्त आवाजाचे नाव आहे. भावना त्याला प्रसंगाने मिळते.

हूपपासून 19व्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत वूपी निघाला. धिंगाणा घालणे, मौजमजा करणे या अर्थाने ‘वूपी करणे’ असा वाक्प्रचार 1920 च्या दशकात रूढ झाला. 1928 साली एडी कँटर यांची भूमिका असलेल्या वूपी या संगीतिकेने तो घरोघर पोचवला, आणि तिच्यातल्या गस कान यांच्या गीताने त्याला शृंगाराची सूचकताही दिली. पाहुण्याच्या खुर्चीवर गुपचूप ठेवायच्या, बसताच लाजिरवाणा आवाज करणाऱ्या रबरी पिशवीचे नाव वूपी कुशन आहे. तेही याच काळाच्या आसपासचे.

यिपीसाठी कोशांत दीर्घकाळ दिला जाणारा जुना दाखला सिंक्लेअर लुईस यांच्या 1920 च्या मेन स्ट्रीट कादंबरीचा. साहित्याचे नोबेल मिळवणारे हे पहिले अमेरिकी लेखक. यिप म्हणजे कुत्र्याच्या पिलासारखे तीव्र, आखूड ओरडणे. त्याला लांबवणारा शेवट जोडून यिपी झाले असावे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या युथ इंटरनॅशनल पार्टीच्या तरुणांनी स्वतःला यिपी म्हणवून घेतले. पक्षाची आद्याक्षरे, हिपी या शब्दाशी यमक आणि आनंदाची आरोळी असा तिहेरी खेळ त्या नावात होता. इथे आद्याक्षरांची कथा खरी आहे, पण ती पक्षाच्या नावाची; उद्गार त्याच्याआधीपासून होता.

याहूची गोष्ट दोन वेगळ्या शब्दांची आहे. जोनाथन स्विफ्ट यांच्या 1726 च्या गलिव्हर्स ट्रॅव्हल्समध्ये याहू नावाचे माणसासारखे दिसणारे ओंगळ, हिंस्र प्राणी आहेत. त्यावरून अडाणी, दांडगट माणसाला इंग्रजीत याहू म्हणू लागले. आनंदाचा याहू मात्र हू, हूप यांच्या जातीचा, आवाजातून आलेला. 1994 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेरी यँग आणि डेव्हिड फिलो यांनी आपल्या संकेतस्थळांच्या सूचीला याहू नाव दिले, तेव्हा दांडगट हा अर्थ आपल्याला आवडला असे त्यांनी सांगितले; जाहिरातींत मात्र आरोळीच वाजत राहिली. भारताला हा उद्गार त्याआधी तेहतीस वर्षे ठाऊक होता. 1961 च्या जंगली चित्रपटात बर्फावर लोळणाऱ्या शम्मी कपूर यांच्या तोंडी तो आला. गाणे महंमद रफी यांनी गायले. आरोळी दिली ती प्रयाग राज यांनी.

उसने घेतलेले

दुय्यम आनंदोद्गारांत परभाषेतले शब्द पुष्कळ. ब्राव्हो इटालियन संगीतिकांबरोबर 18व्या शतकात लंडनला आला. इटालियनमध्ये ते विशेषण असल्याने गायिकेला ब्राव्हा आणि अनेकांना ब्राव्ही म्हणतात. इंग्रजीत सरसकट ब्राव्हो चालतो. युरेका म्हणजे ग्रीकमध्ये ‘सापडले’. स्नानाच्या टाकीतून उठून आर्किमिडीज हे ओरडत धावला, ही कथा रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस याने त्याच्यानंतर सुमारे दोन शतकांनी लिहिली. सोन्याच्या शोधात लोक कॅलिफोर्नियाकडे धावत होते, तेव्हा 1849 मध्ये त्या प्रांताच्या मुद्रेवर युरेका कोरला गेला. हालेलुया हिब्रू प्रार्थनेतला, ‘परमेश्वराची स्तुती करा’ या अर्थाचा. आज एकदाचा नळ दुरुस्त झाला तरी इंग्रज माणूस हालेलुया म्हणतो. हिंदुस्थानातून गेलेला शाबाश 1886 च्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन कोशात नोंदला आहे. शाद बाश, म्हणजे ‘आनंदी राहा’, ही त्याची प्रचलित फारसी व्युत्पत्ती.

पडद्यावरून आलेले

दूरचित्रवाणीने उद्गार तयार करून विकले. हाउडी डूडी हा मुलांचा अमेरिकी कार्यक्रम 1947 ते 1960 चालला. त्यातले चीफ थंडरथड हे पात्र चिडले किंवा चकित झाले की ‘कावाबाँगा’ ओरडे; हा शब्द लेखक एडवर्ड कीन यांनी बनवलेला. कार्यक्रम पाहत वाढलेली मुले 1960 च्या दशकात लाटांवर फळ्या घेऊन उतरली, तेव्हा त्यांनी तीच आरोळी उत्साहाची केली, आणि 1980 च्या दशकाच्या अखेरीस निन्जा कासवांच्या कार्टूनने ती पुढच्या पिढीला दिली. रागाचा शब्द आनंदाचा व्हायला एक पिढीही लागली नाही.

30 सप्टेंबर 1960 रोजी सुरू झालेल्या द फ्लिंटस्टोन्समधला फ्रेड ‘याबा डाबा डू’ करतो. संहितेत तिथे साधा याहू होता आणि फ्रेडला आवाज देणारे ॲलन रीड यांनी तो बदलून घेतला, असे सांगितले जाते. वूहूचा प्रसार द सिम्पसन्समधल्या होमरने केला. त्याआधी 1959 मध्ये रॉक-अ-टीन्स या गटाचे एक गाणे गाजले होते, ज्यात वूहूखेरीज शब्दच नव्हते. 1997 मध्ये ब्लर या ब्रिटिश गटाच्या ‘साँग 2’ ने तो पुन्हा स्टेडियममध्ये आणला.

संगणकावर जन्मलेले

वूट लिहिताना मधली दोन अक्षरे ओ नसून शून्ये असतात. अक्षरांच्या जागी आकडे घालण्याची ही लकब संगणकवेड्या तरुणांच्या सांकेतिक लिपीतली. ऑनलाइन खेळांत जिंकल्यावर वूट टाइप करत. मेरियम-वेबस्टर कोशाने वाचकांच्या मतदानातून 2007 चा शब्द म्हणून त्याची निवड केली. ‘आम्ही समोरच्या संघाला लोळवले’ या इंग्रजी वाक्याची ती आद्याक्षरे आहेत, हे खेळाडूंमधले स्पष्टीकरण मागाहून जुळवलेले. नृत्यसंगीतातल्या आरोळ्यांशी त्याचे नाते अधिक संभवते. तशा आरोळीवरची दोन अमेरिकी गाणी 1993 मध्ये एकाच वेळी गाजत होती.

ट्विच या खेळ-प्रक्षेपण मंचावरचा पॉग हा उद्गार याच्या नेमका उलट आहे. एका खेळाडूच्या चकित चेहऱ्याचे चित्र तिथे पॉगचँप नावाने वापरात आले आणि त्यातला पॉग जल्लोषाचा शब्द झाला. ‘खेळातली सर्वोत्तम चाल’ या इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरे आहेत, असे अनेक खेळाडू मानतात. ते खरे नाही; पण शब्द आद्याक्षरांचाच आहे. हवाईत पॅशनफ्रूट, ऑरेंज आणि ग्वाव्हा या फळांच्या मिश्र रसाला पॉग म्हणतात. त्याच्या बाटल्यांच्या झाकणांचा खेळ 1990 च्या दशकात मुलांत गाजला, खेळाला पॉग नाव पडले आणि त्या खेळाच्या एका विनोदी चित्रफितीतून ते चेहऱ्याला लागले. पेरूच्या रसाचे आद्याक्षर आता विजयाच्या आरोळीत आहे.

आवाजात अर्थ असतो का?

आनंदाचे आवाज सर्व भाषांत सारखे असतात का, हा प्रश्न माया पोन्सोने आणि सहकाऱ्यांनी 2024 मध्ये 131 भाषांतले उद्गार घेऊन तपासला. वेदनेच्या उद्गारांत आ-सारखे उघडे स्वर जगभर अधिक आढळले. मराठी ‘आई गं’ आणि इंग्रजी ‘आउच’ यांत ते आहेतच. आनंदाच्या आणि किळसेच्या उद्गारांत मात्र असा समान धागा मिळाला नाही. शब्द न वापरता माणूस आनंदाने नुसता ओरडला, तर त्या आवाजाला स्वतःचे स्वरवैशिष्ट्य असते. शब्द झाला की ते उरत नाही. म्हणजे हुर्रे किंवा यिपी हे निसर्गाचे नव्हेत, समाजाचे. ते शिकावे लागतात, रूढ होतात आणि जुने होतात.

म्हणूनच ते उलटवताही येतात. निरुत्साही, सपाट सुरात म्हटलेला येय म्हणजे ‘काय हे नशीब’. ‘बिग वूप’ म्हणजे ‘त्यात काय मोठेसे’. आरोळी नैसर्गिक असती तर तिचा असा उपरोध जमला नसता.

एकूण पाहता इंग्रजी आनंदोद्गारांतले थोडेच आनंदासाठी जन्मले. हझा बहुधा दोरावरचा, हुरा कदाचित रणांगणावरचा, हिप कदाचित जनावरांमागचा, हूप शिकारीतला, हालेलुया प्रार्थनेतला, येय होकारातला आणि कावाबाँगा रागातला. काम फत्ते झाले की कामातली हाकच जल्लोष म्हणून पुन्हा दिली जाते, हा त्यांच्या घडणीचा सर्वांत ठळक नियम. या शब्दांच्या सुरस जन्मकथा मात्र सावधपणे घ्याव्यात. ज्या उद्गारापुढे कोशकार ‘आवाजावरून’ एवढेच लिहून थांबतो, तिथे बहुतेक वेळा तेच उत्तर पुरेसे आणि बरोबर असते.